सारायेव्होचे हिमपर्वत

हिवाळ्यांतील एखाद्या रविवारीं सारायेव्हो शहरांतून एखादें कुटुंब मोटारीनें निघालें, तर तासाभरांत तें याहोरिना किंवा बियेलाश्नित्सा पर्वताच्या शुभ्र उतारावर जाऊन पोहोंचतें. पायांस लांब, अरुंद फळ्या बांधून बर्फावरून घसरत जाण्याचा जो स्की नांवाचा खेळ, तो तेथें आबालवृद्धांचा आहे. बाप धाकट्याच्या बुटांस फळ्या अडकवून देतो, आई तारेवरच्या पाळण्याचीं तिकिटें काढून आणते, मोठीं भावंडें केव्हांच वर पोहोंचलेलीं असतात. आणि सायंकाळीं गालांवर थंडीची लाली व अंगांत गोड शीण घेऊन सर्व मंडळी घरीं परतते. युरोपांतील शेंकडों डोंगरांवर दिसणारें हें चित्र. त्यांत इतिहासाच्या अभ्यासकानें थांबून पाहावें असें काय आहे, असें कोणी विचारील. उत्तर इतकेंच कीं, हें साधें सुख ह्या शहरास लाभलें, हिरावलें गेलें आणि पुन्हां मिळालें. व ह्या तिन्ही गोष्टी एकाच पिढीनें डोळ्यांनीं पाहिल्या.

मिल्यात्स्का नदीच्या अरुंद खोऱ्यांत हें शहर वसलें आहे. दक्षिणेस अगदीं डोक्यावर त्रेबेविच, आग्नेयेस याहोरिना, नैर्ऋत्येस इग्मान व त्यामागें २०६७ मीटर उंचीचा बियेलाश्नित्सा. पंधराव्या शतकांत इसा-बेग इशाकोविच ह्या उस्मानी सरदारानें नगराचा पाया घातला. सोळाव्या शतकांत गाझी हुस्रेव-बेगनें भव्य मशीद उभारली, आणि त्याच शतकांत स्पेनमधून हद्दपार झालेल्या ज्यूंच्या वंशजांस येथें आसरा मिळाला. मशीद, सिनॅगॉग, ऑर्थोडॉक्स देऊळ व कॅथलिक देऊळ हीं चारीं थोड्या पावलांच्या अंतरावर आहेत. १८७८ सालीं ऑस्ट्रिया-हंगेरीची सत्ता आली. तिनें १८९४ सालीं बियेलाश्नित्साच्या माथ्यावर हवामानाची वेधशाळा बांधली. पुढें २८ जून १९१४ रोजीं ह्याच शहरांत युवराज फ्रांट्स फर्डिनंड व त्याची पत्नी यांचा खून झाला, आणि सारायेव्होचें नांव जगाच्या तोंडीं झालें तें रक्तपाताच्या निमित्तानें.

ह्या नांवास निराळा अर्थ देण्याची संधि सात दशकांनीं आली. १९८४ चे हिवाळी ऑलिंपिक सामने सारायेव्होस भरविण्याचें १९७८ सालीं ठरलें. साम्यवादी देशांत असे सामने भरण्याची ही पहिलीच वेळ होती. पुरुषांच्या उतारावरील शर्यती बियेलाश्नित्सावर, स्त्रियांच्या याहोरिनावर, आणि बॉबस्ले नामक घसरगाडीसाठीं त्रेबेविचवर काँक्रीटचा वळणदार मार्ग, अशी योजना होती. सामने तोंडावर आले तरी बर्फ पुरेसें पडेना. आणि ८ फेब्रुवारीस उद्घाटन झालें तोंच असा हिमवर्षाव सुरू झाला कीं, पुरुषांची मुख्य शर्यत कित्येक दिवस पुढें ढकलावी लागली. युगोस्लाव्हियास हिवाळी सामन्यांतील पहिलें पदक मिळवून देणारा युरे फ्रांको हा स्लोव्हेन जातीचा. परंतु सारायेव्होकरांनीं यमक जुळवून जाहीर केलें कीं, आम्हांस बुरेकापेक्षां युरेक प्यारा! बुरेक म्हणजे तेथील मांसाचें सारण भरलेला, घरोघरीं आवडीनें खाल्ला जाणारा पदार्थ. त्याहून मोठा मान त्या शहरापाशीं देण्यासारखा नव्हता.

त्यानंतर आठच वर्षांनीं युगोस्लाव्हिया फुटला. एप्रिल १९९२ मध्यें बोस्नियन सर्ब सैन्यानें शहरास वेढा घातला, तो फेब्रुवारी १९९६ पर्यंत, म्हणजे १४२५ दिवस टिकला. त्रेबेविचवरचा तो घसरगाडीचा मार्ग आतां तोफांचा मोर्चा झाला. ज्या झेट्रा क्रीडागृहांत बर्फावरील नृत्याचे सामने रंगले होते, तें जळालें. त्याच्या शेजारचें मैदान दफनभूमि बनलें, आणि बैठकांचीं लांकडें शवपेट्यांस लागलीं. बाहेर पडावयाची वाट उरली ती १९९३ सालीं विमानतळाखालून खणलेल्या भुयाराची, व पुढें गोळीबारांतून जाणाऱ्या इग्मानच्या रस्त्याची. वेढ्यास वीस वर्षें झालीं तेव्हां, २०१२ सालीं, शहराच्या मुख्य रस्त्यावर ११,५४१ रिकाम्या तांबड्या खुर्च्या मांडल्या गेल्या. मृताच्या नांवें एकेक. त्यांत लहान मुलांसाठीं लहान खुर्च्या होत्या.

भूगोल हाच इतिहासाचा विधाता होय, असें मानणारे पंडित आहेत. सारायेव्होकडे पाहून त्यांचा पक्ष प्रथमदर्शनीं बळकट वाटतो. कारण ज्या उंचीमुळें त्रेबेविचवरून सारें शहर तळहातासारखें दिसतें, तीच उंची तोफेच्या कामीं आली. परंतु किंचित् विचार करितां हा पक्ष तेथेंच ढासळतो. १९८४ सालीं व १९९२ सालीं पर्वत तेच होते, उतार तेच होते, बर्फही तेंच होतें. तोफा वर चढविल्या त्या माणसांनीं, आणि त्यांपूर्वीं शेजाऱ्याविषयींचा द्वेष मनांत चढविला तोही माणसांनींच. दोष डोंगराच्या माथीं मारणें म्हणजे माणसास जबाबदारींतून मोकळें करणें होय.

युद्ध मिटल्यावर याहोरिना एका प्रशासकीय विभागांत गेला, बियेलाश्नित्सा दुसऱ्यांत. मध्यें तहानें आंखलेली रेषा. तरीही २०१९ च्या फेब्रुवारींत सारायेव्हो व पूर्व सारायेव्हो ह्या दोन्ही नगरांनीं मिळून युरोपांतील तरुणांचे हिवाळी सामने भरविले. त्याच्या आदल्या वर्षीं, ६ एप्रिलला, शहरांतून त्रेबेविचवर जाणारा आणि युद्धांत नष्ट झालेला तारेचा मार्ग पुन्हां सुरू झाला होता. आज कुटुंबें त्या पाळण्यांतून वर जातात, आणि चित्रांनीं रंगविलेल्या त्या भग्न काँक्रीटच्या मार्गावरून मुलें धांवतात.

मात्र ह्या देशाच्या डोंगरांतील सुरुंग युद्धानंतर वीस-पंचवीस वर्षें लोटलीं तरी पुरते निघाले नव्हते. म्हणून खुणेच्या वाटेबाहेर पाऊल टाकूं नको, असें येथील बाप मुलास बजावतो. मूल 'कां?' म्हणून विचारतें; आणि सुटीच्या त्या आनंदांत इतिहास सांगणें त्यास भाग पडतें. तो कसा सांगावयाचा, शेजाऱ्याचा सूड शिकवील असा, कीं शेजाऱ्यासह पुन्हां डोंगर चढण्याचें बळ देईल असा, हें त्या बापानेंच ठरवावयाचें आहे. आणि त्या उतारांचें पुढें काय होणार, हें त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.