मेणकापड आणि आपला घाणा



आम्ही कोकणात शाळेत जात होतो तेव्हा पावसाळ्यात पुस्तके मेणकापडात गुंडाळून न्यावी लागत. घरी पाळण्यातही दुपट्याखाली मेणकापड असे. पुढे इस्राएलला आलो, तर स्वयंपाकघरातल्या मेजावर तेच कापड भेटले. त्याचे नाव शाअवानीत. शाअवा म्हणजे मेण. जर्मन लोक त्याला वाख्सटूख म्हणतात. त्याचाही अर्थ मेणाचे कापड असाच. तिन्ही भाषांनी नाव मेणाचे ठेवले, पण जुन्या काळी त्या कापडाचे खरे काम करी ते तेल.

ते तेल जवसाचे, म्हणजे अळशीचे. खोबरेल कितीही दिवस ठेवले तरी वाळत नाही. जवसाच्या तेलाचा पातळ थर मात्र हवेतला प्राणवायू शोषून घट्ट होतो आणि वाकवला तरी लगेच तडकत नाही. मुरदाडशिंग घालून उकळले की तेल अधिक लवकर वाळते. चौकटीवर ताणलेल्या कापडावर असे तेल रंगात किंवा काजळीत कालवून थापत, वाळवत, घासून गुळगुळीत करीत आणि पुन्हा थापत. खलाशांच्या पावसाळी कपड्यांनाही हेच तेल लावत.

अठराव्या शतकात जर्मनीतील फ्रांकफुर्ट शहरात नोथनागेल नावाच्या चित्रकाराने मेणकापडाचा मोठा कारखाना काढला होता. आपल्या शाकुंतलाची स्तुती करणारा महाकवी गटे १७४९ साली त्याच शहरात जन्मला. आत्मचरित्राच्या १८११ साली निघालेल्या पहिल्या भागात त्याने या कारखान्याविषयी लिहिले आहे. जाडेभरडे कापड सामानाच्या गाड्या झाकायला जाई. तलम कापडावर कुशल कारागीर कुंचल्याने चिनी नक्षी, फुले आणि देखावे काढीत.

त्याच भागात गटेने फ्रांकफुर्टच्या यहुदी गल्लीचेही वर्णन केले आहे. ती गल्ली अरुंद आणि माणसांनी गच्च भरलेली होती. तिच्या वेशी रात्री आणि रविवारी बंद होत. कारागिरांच्या संघांत यहुद्यांना प्रवेश नव्हता. मेणकापडाचा कारखाना ज्या शहरात चाले, त्याच शहरात आपल्या धर्मबांधवांना हातचा धंदा करण्याची मोकळीक नव्हती.

त्याच काळी कोकणात आपले वाडवडील काय करीत होते? घाणा चालवीत होते. हाईम समुएल केहीमकर यांनी लिहिलेल्या आणि १९३७ साली तेल अवीवला छापलेल्या आपल्या समाजाच्या इतिहासात ही हकीकत आहे. आपल्याला कोणी वेशीआड कोंडले नाही. घाणा शनिवारी थांबे, तो आपण स्वतः थांबवीत होतो म्हणून. त्यावरून गावाने आपल्याला शनवार तेली म्हटले.

पुढे एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून जवस बोटी भरून युरोपला जाऊ लागले. विसाव्या शतकात प्लास्टिक आले आणि तेलाचे काम संपले. आज दुकानातल्या शाअवानीतमध्ये मेणही नसते आणि तेलही नसते. जर्मन खलाशी मात्र आपल्या पावसाळी पोशाखाला अजून तेलाचे कपडेच म्हणतात. काम गेले तरी नाव मागे राहते.

आपलेही तसेच झाले. घाणे गेले, बैल गेले, नाव तेवढे उरले. आपल्यातल्या काहींना ते नाव हलके वाटे, हे आम्ही लहानपणी पाहिले आहे. आता नातवंडे विचारतात, "तेली म्हणजे काय?" तेव्हा विषय बदलू नये. शुक्रवारी संध्याकाळी मेजावरची शाअवानीत पुसून दिवे लावण्याआधी त्यांना जवळ बसवावे आणि सांगावे: आपण घामाचे खात होतो, आणि शब्बाथला घाणा थांबवण्याचे धैर्य आपल्यात होते.