अब्बांचा हात आणि सातपुड्यातली शेंग

मंडळी, आमच्या जळगाव जामोदच्या उत्तरेला सातपुडा आहे. पावसाळा सरला की तिथल्या झुडपांवर खाजकुइलीच्या शेंगा लोंबू लागतात. शेंगेवरची लव अंगाला लागली की माणूस खाजवून खाजवून बेजार होतो. शाळेत असताना आम्ही ही लव एका दोस्ताच्या सदऱ्यात टाकली होती आणि त्या संध्याकाळी मी अब्बांच्या हातचा मार खाल्ला होता. त्या शेंगेचं आणि त्याच हाताचं पुढे काही नातं निघेल, असं तेव्हा स्वप्नातही आलं नसतं.

अब्बा टेलर होते. बाजारात लहानसं दुकान. १९९८ च्या सुमारास त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा थरथरू लागला. गंमत अशी, की हात कामात असताना नाही, मांडीवर निवांत असताना. मग शिवण मंदावली, अक्षर मुंगीएवढं झालं. सही जुळत नाही म्हणून एका कार्यालयातून त्यांना तीनदा परत पाठवलं. बाजारात कुजबुज सुरू झाली, म्हातारा पितो वाटतं. ज्याने जन्मात कधी सुपारीही खाल्ली नाही त्याच्याबद्दल! घरात आम्हीही काही कमी नव्हतो. उंबरठ्याशी आले की ते थबकत. मी चिडून म्हणायचो, "अब्बा, चला ना, मुद्दाम काय उभे राहता?" ते म्हणायचे, "बेटा, मी निघालोय. पाय निघत नाहीत."

अकोल्याच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, पार्किन्सन. म्हणजे आपला कंपवात. गोळी दिली ती लेव्होडोपाची. मी बी.ए., तोही मराठीचा. पण ज्या गोळीने अब्बा पुन्हा आपल्या पायाने दुकानापर्यंत जाऊ लागले, ती आली कुठून हे शोधायला बसलो.

लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजारावर निबंध लिहिला. त्यात सहा रुग्णांची हकिगत आहे आणि त्यातले काही तर त्यांनी रस्त्यात पाहिलेले होते. आजार दिसला, पण त्याचं मूळ कळायला पुढे शतकाहून अधिक काळ गेला. ते कळण्याच्या वाटेवर एक भारतीय वनस्पती होती, सर्पगंधा. युनानी हकीम तिला असरोल म्हणतात. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमाँ सिद्दीकी यांनी १९३१ मध्ये तिच्या मुळातून एक द्रव्य वेगळं काढलं आणि हकीम अजमल खान यांच्या आठवणीसाठी त्याला 'अजमलीन' नाव दिलं. त्याच वर्षी सेन आणि बोस या बंगाली डॉक्टरांनी लिहिलं, की सर्पगंधा रक्तदाबावर आणि वेडावरही चालते. मग मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवर तिचा पद्धतशीर अभ्यास केला आणि १९४९ मध्ये तो ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापून आला. तेव्हा जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसरपीन हे औषध वेगळं काढण्यात आलं. वकिलांना १९५७ मध्ये अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

पण रेसरपीन घेणारे काही रुग्ण उदास होत, त्यांच्या हालचाली मंदावत. असं का व्हावं? स्वीडनमध्ये आर्व्हिद कार्लसन यांनी सशांना रेसरपीन दिलं. ससे निपचित पडले. मग त्यांना एल-डोपा टोचलं आणि थोड्याच वेळात ससे उठून हिंडू लागले. हे साल १९५७. रेसरपीनमुळे मेंदूतला डोपामीनचा साठा रिता होत होता आणि एल-डोपापासून शरीर तेच डोपामीन पुन्हा तयार करत होतं. १९६० मध्ये व्हिएन्नात हॉर्निकीविच यांना पार्किन्सनने गेलेल्या माणसांच्या मेंदूत नेमकी याच द्रव्याची तूट आढळली. १९६७ मध्ये अमेरिकेत कोटझियास यांनी तोंडाने घ्यायची मात्रा बसवली. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं. त्यांच्यासोबतच्या दोन मानकऱ्यांपैकी एक होते एरिक कँडेल, स्मृतीचा अभ्यास करणारे.

आणि आमची खाजकुइली? दामोदरन आणि रामस्वामी या मद्रासच्या शास्त्रज्ञांनी १९३७ मध्येच तिच्या बियांतून एल-डोपा काढलं होतं. आयुर्वेदातली कपिकच्छू ती हीच. म्हणजे एका रानमुळीने डोपामीन नेलं आणि दुसरीच्या बीत ते भरून काढणारं द्रव्य होतं! मात्र ऐकून कोणी बिया कुटून खाऊ नका. कुठल्या बीत किती द्रव्य आहे ते डोळ्यांना दिसत नाही, मात्रा डॉक्टरच ठरवतात.

आता हे मेंदूत चालतं कसं? मध्यमेंदूत काळसर पेशींचा एक छोटा पुंजका आहे. तिथून डोपामीन मेंदूच्या आतल्या गाठींकडे जातं. त्या गाठी आणि मेंदूचा वरचा थर यांच्यात फेरे आहेत. १९८६ मध्ये अलेक्झांडर, डीलाँग आणि स्ट्रिक यांनी दाखवलं, की असे फेरे एक नाही, अनेक आहेत आणि ते शेजारी शेजारी चालतात. गावच्या नळयोजनेसारखं समजा. टाकी एक, लाइनी वेगवेगळ्या. एक लाइन हालचालीची, एक विचार आणि सवयीची, एक इच्छा आणि मनःस्थितीची. टाकी आटली की सगळ्यांनाच झळ लागते.

आठवणीतही असे वाटे आहेत. हेन्री मोलेसन या अमेरिकन माणसाच्या मेंदूचा काही भाग १९५३ मध्ये फेफऱ्यावरचा उपाय म्हणून काढला गेला. त्यानंतर त्याला नवी गोष्ट लक्षात राहीना. पण आरशात पाहून चांदणी गिरवायला दिली, तर त्याचा हात दिवसेंदिवस सुधारत गेला. हे काम आपण काल केलं होतं, याचा मात्र त्याला पत्ताच नसे. अब्बांचं नेमकं उलट. वीस वर्षांपूर्वीच्या गिऱ्हाइकाचं माप त्यांना तोंडपाठ, पण टीप घालायची हाताची आठवण विरत चाललेली.

त्यावर अम्मीने एक उपाय काढला. कुठून सुचला कोण जाणे. दुकानातला टेलरचा खडू घेऊन तिने घरभर फरशीवर हातभर अंतराने आडव्या रेघा मारल्या. अब्बा रेघ पाहायचे आणि ओलांडायचे, पुन्हा रेघ, पुन्हा पाऊल. उंबरठाही पार व्हायचा. डॉक्टर म्हणाले, सवयीची वाट बंद पडली तरी डोळ्यांनी पाहून चालायची वाट शाबूत असते.

पुढे गोळ्यांची मात्रा वाढली आणि निराळंच सुरू झालं. रात्री दोन वाजता अब्बा बटणांचा डबा जमिनीवर ओतून बसायचे. रंगाप्रमाणे लावायचे, मोडायचे, पुन्हा लावायचे. मी एकदा ओरडलो, "झोपत का नाही? हट्ट कसला हा?" डबा काढून घेतला तेव्हा ते लहान मुलासारखे रडले. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, हा हट्ट नाही, औषधाचा परिणाम आहे. त्यांनी मात्रा कमी केली आणि पंधरा दिवसांत बटणं थांबली.

त्या दिवशी मला माझी लाज वाटली. हाताच्या थरथरीला बाजाराने दारू म्हटलं, थांबलेल्या पायाला आणि बटणांना मी हट्ट म्हटलं. तिन्ही वेळा अब्बा तेच होते. बिघाड आत कुठेतरी, मेंदूतल्या लहानशा जागांमध्ये होता. माफी मागायचं मनात होतं, पण राहून गेलं. २००९ मध्ये ते गेले.

मंडळी, तुमच्या दुकानात, खिडकीपाशी कधी असा थरथरता हात आला आणि सही जुळली नाही, तर त्या माणसाला परत पाठवू नका. आधी बसायला खुर्ची द्या. आमच्या घरातल्या खडूच्या रेघा केव्हाच पुसल्या गेल्या. पण उंबरठ्याशी आलो की माझं पाऊल अजूनही क्षणभर थांबतं.