शिकत राहणारे ग्रंथपाल

ग्रंथपालाचे काम कोणते, असे वर्गात विचारले तर ‘पुस्तके देणे आणि परत घेणे’ हे उत्तर हमखास मिळते. शाळेच्या ग्रंथालयात मुलांना तेवढेच दिसते, तेव्हा त्यांना दोष देता येणार नाही. वैद्यकीय ग्रंथालयात मात्र या उत्तराने भागत नाही. तिथे हवा तो लेख वेळेवर सापडला नाही, तर त्याची किंमत एखाद्याला जिवानिशी मोजावी लागू शकते. म्हणूनच हे काम करणाऱ्यांना नोकरी लागल्यावरही पुन्हा पुन्हा शिकावे लागते. हे का, ते पाहण्यासाठी आम्ही अमेरिकेतील बाल्टिमोर या एकाच शहरातल्या दोन घटना निवडल्या आहेत. त्यांच्यात १०५ वर्षांचे अंतर आहे.

पहिली घटना १८९६ सालची. मेरिलँड राज्यातील डॉक्टरांच्या एका जुन्या संस्थेला आपल्या ग्रंथालयासाठी माणूस हवा होता. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले नामवंत वैद्य विल्यम ऑस्लर यांचा या ग्रंथालयावर फार जीव. शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात काम करणाऱ्या मार्सिया नॉयस यांची निवड झाली. नॉयसबाईंना ग्रंथालयाचे काम येत होते, पण वैद्यकाचे शिक्षण मुळीच नव्हते. रोगांची, अवयवांची, औषधांची नावे त्या काम करता करता शिकल्या. पुस्तकांची मांडणी कशी करायची हा प्रश्न आला, तेव्हा त्यांनी ‘इंडेक्स मेडिकस’ या सूचीचा आधार घेऊन स्वतःची वर्गीकरण पद्धत तयार केली.

ही सूची म्हणजे काय, हे इथे सांगायला हवे. जॉन शॉ बिलिंग्ज हे लष्करी डॉक्टर वॉशिंग्टनमध्ये लष्कराचे वैद्यकीय ग्रंथालय सांभाळत. जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांत काय छापून आले, हे विषयवार सांगणारी ही सूची त्यांनी १८७९ मध्ये सुरू केली. लेख कुठे आहे हे कळले, तरच तो वाचता येणार! ज्ञान वाढू लागले की त्याच्याकडे जाणारी वाटही आखावी लागते, हे बिलिंग्ज यांनी ओळखले होते.

पण अशा वाटा दाखवणाऱ्यांना शिकवणार कोण? त्या काळी वैद्यकीय ग्रंथपालांसाठी वेगळा अभ्यासक्रम नव्हता. १८९८ च्या मे महिन्यात फिलाडेल्फिया येथे चार डॉक्टर आणि चार ग्रंथपाल एकत्र आले आणि त्यांनी वैद्यकीय ग्रंथपालांची संघटना स्थापन केली. तिचे पहिले काम अगदी साधे होते : एका ग्रंथालयात जादा असलेले अंक दुसऱ्या गरजू ग्रंथालयाला पाठवायचे. या देवघेवीतून ओळखी झाल्या, आणि अडलेल्याने जाणत्याला विचारावे अशी रीत पडली. संघटनेचे सुरुवातीचे अध्यक्ष डॉक्टरच असत. १९३३ मध्ये नॉयसबाई अध्यक्ष झाल्या. या पदावर आलेल्या त्या पहिल्या स्त्री. १९४६ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या सेवेला पन्नास वर्षे झाली होती.

एकमेकांना विचारून शिकणे पुढे अपुरे पडू लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर वैद्यकीय लेखांची संख्या झपाट्याने वाढली. १९४९ मध्ये संघटनेने ग्रंथपालांना पात्रतेची प्रमाणपत्रे देण्याची पद्धत आणली. १९५८ मध्ये मिनेसोटा राज्यातील रॉचेस्टर येथे वार्षिक अधिवेशन भरले, तेव्हा त्याला जोडून प्रथमच उजळणी वर्ग घेतले गेले. सेवेत असलेल्या ग्रंथपालांच्या नियमित प्रशिक्षणाची ही सुरुवात होती.

उजळणी कशाची करायची? एक उदाहरण घेऊ. ‘कॅन्सर’वरचे लेख वैद्यकीय सूचीत ‘निओप्लाझम्स’ या शीर्षकाखाली मिळतात आणि ‘हार्ट अटॅक’वरचे ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’ या शीर्षकाखाली. लेखकाने कोणताही शब्द वापरला, तरी सूचीत एका विषयाला एकच ठरलेले शीर्षक असते. अशा शीर्षकांचा कोश अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने १९६० मध्ये प्रसिद्ध केला. पण हा कोश स्थिर नाही. त्यात दर वर्षी भर पडते. एड्सची पहिली नोंद १९८१ मधली, पण त्या रोगाचे शीर्षक कोशात आले १९८३ मध्ये. मधल्या काळातले लेख शोधायचे, तर ते इतर कोणत्या शीर्षकांखाली गेले असतील हे ठाऊक हवे. ते एकदा शिकून आयुष्यभर पुरत नाही.

साधनेही बदलत गेली. १९६४ मध्ये सूचीच्या कामासाठी संगणक आला. १९७१ मध्ये दूरध्वनीच्या तारांवरून त्या संगणकाला प्रश्न विचारण्याची ‘मेडलाइन’ ही सेवा सुरू झाली. प्रश्न संगणकाच्या भाषेत मांडावा लागे, म्हणून तो मांडणाऱ्या ग्रंथपालांना खास प्रशिक्षण घ्यावे लागे. त्याच वर्षी मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी येथील वैद्यकीय विद्यालयात गर्ट्रूड लॅम्ब यांनी आणखी एक पाऊल टाकले. त्यांच्या योजनेत ग्रंथपाल डॉक्टरांबरोबर रुग्णांच्या खाटांपर्यंत जात, तिथे उठलेले प्रश्न टिपून घेत आणि त्यांच्याशी संबंधित लेख डॉक्टरांना आणून देत.

१९९७ मध्ये ‘पबमेड’ या नावाने मेडलाइन इंटरनेटवर सर्वांना मोफत खुली झाली. आता कोणीही घरबसल्या शोध घेऊ शकत होता. मग ग्रंथपाल कशाला हवा, असे अनेकांना वाटू लागले.

आता दुसरी घटना. २००१ साली बाल्टिमोरमध्येच, ऑस्लर यांच्या जॉन्स हॉपकिन्स संस्थेत, दम्यासंबंधी एक प्रयोग चालू होता. त्यात निरोगी स्वयंसेवकांना ‘हेक्झामेथोनियम’ हे द्रव्य हुंगायला दिले जात होते. चोवीस वर्षांची एक स्वयंसेविका आजारी पडली, तिची फुफ्फुसे निकामी होत गेली आणि २ जून रोजी ती दगावली. चौकशीत उघड झाले, की प्रयोग करणाऱ्या डॉक्टरांनी आधीचे लेख शोधले होते, पण मुख्यतः पबमेडवर. त्यांनी पाहिलेल्या नोंदी १९६६ पासूनच्या होत्या. हे औषध रक्तदाबासाठी वापरले जात असे १९५० च्या दशकात, आणि त्यामुळे काही रुग्णांच्या फुफ्फुसांना इजा झाल्याचे लेख त्याच काळात छापून आले होते. जुन्या सूची चाळल्या असत्या, तर ते हाती लागू शकले असते. जुलैमध्ये सरकारने त्या संस्थेतील माणसांवरचे बहुतेक सरकारी अनुदानित प्रयोग काही दिवस थांबवले.

पडद्यावर यादी आली, की शोध पूर्ण झाला असे वाटते. यादीत काय नाही, हे पडदा सांगत नाही. ते साधन जाणणारा माणूस सांगतो. आता त्या संग्रहात १९४६ पर्यंतच्या नोंदी आल्या आहेत, पण त्याआधीचे बहुतेक वैद्यक आजही त्याच्या बाहेरच आहे. म्हणून ग्रंथपालाला नवे साधन शिकायचे असते आणि जुने विसरायचे नसते. त्यांच्या संघटनेने १९८९ मध्ये स्थापन केलेल्या अकादमीचे सदस्यत्वही ठरावीक मुदतीनंतर नव्याने सिद्ध करावे लागते.

आपल्याकडे डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्येच आपल्या पाचव्या नियमात ग्रंथालयाला वाढत्या सजीवाची उपमा दिली होती. ग्रंथालय वाढते, तर ग्रंथपाल जिथल्या तिथे कसा राहील? सेवांतर्गत प्रशिक्षणाचे पत्र आले, की आम्हा शिक्षकांच्याही कपाळावर आठी पडते. त्या वेळी बाल्टिमोरच्या या दोन घटना आठवाव्यात. आणि वर्गात मुले संगणकावर माहिती शोधून आणतील, तेव्हा त्यांना एक प्रश्न जरूर विचारावा : “तुम्ही पाहिलेली माहिती कोणत्या वर्षापासूनची आहे?”