कव्हरमागची बारीक अक्षरं

माणूस गेल्यावर त्याच्या मागे काय उरतं, याविषयी थोरामोठ्यांनी पुष्कळ लिहून ठेवलं आहे. आमच्या मामाच्या मागे साठ-सत्तर तबकड्या, दोन पोती कॅसेटी आणि भाता फाटलेली एक पेटी उरली. मामी म्हणाली, "अरे, तुझ्या मामानं जन्मभर हेच जमवलं. नेतोस का? नाहीतर रद्दीवाल्याला हाक मारते." मामी जुन्या जालन्यातली. बोलली की करते. मी रिक्षा आणली.

जालना सोन्याचा पाळणा, असं आमच्याकडे म्हणतात. त्यातलं सोनं कुणाच्या घरी गेलं कोण जाणे. माझ्या वाट्याला धूळ आली. ती झटकताना एक गोष्ट ध्यानात आली. जवळजवळ प्रत्येक कव्हरच्या मागे, अगदी खाली, पेन्सिलीनं एक रेघ ओढलेली. पुढच्या बाजूला गवयाचा हातभर फोटो, डोळे मिटलेले, हात आभाळात. तिकडे मामानं ढुंकूनही पाहिलेलं नाही. रेघ मात्र मागच्या मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांखाली. आधी मला ती जुन्या बाजारातल्या किमतीची खूण वाटली. भिंग लावून वाचलं तर 'हार्मोनियम : अप्पा जळगावकर.' दुसरी तबकडी काढली, तेच. कॅसेटींचं पोतं उपडं केलं, तिथेही तेच.

आता मी पडलो शिकलेला. जळगावकर म्हणजे केळ्यांच्या जळगावचे, असा निकाल मी तिथल्या तिथे देऊन टाकला. मामानं खानदेशच्या माणसाचा एवढा पुळका का धरावा, असं मामीला विचारलं. ती म्हणाली, "अरे, ते जळगाव नव्हे! हे आपलं, इथलं. जालन्याजवळचं."

मामीचंच खरं निघालं. अप्पांचं पूर्ण नाव सखाराम प्रभाकर जळगावकर. जन्म 4 एप्रिल 1922, जालन्याजवळच्या जळगाव नावाच्या गावचा. तेव्हा हा सगळा मुलूख निजामाचा. जालना जिल्हा झाला तो 1 मे 1981 रोजी, म्हणजे अप्पा साठीला टेकल्यावर. जिल्ह्याहून जिल्ह्याचा माणूस एकोणसाठ वर्षांनी मोठा! आडनावात गाव घेऊन फिरले, तर लोकांनी ते गावही दुसऱ्याला देऊन टाकलं.

त्यांची सुरुवातीची तालीम गाण्याची, तीही धृपद-धमाराची. म्हणजे माणूस मुळात गवई. पुढे गळा बोटांत उतरला. पेटीच्या साथीत सगळी अक्कल एका श्वासाच्या अंतरात असते. गवई तान घेऊन कुठे निघालाय हे त्याला स्वतःला कळायच्या आत साथीदाराला कळावं लागतं, पण कळलंय असं दाखवायचं नाही. अर्धी मात्रा पुढे गेलात तर आगाऊपणा, मागे राहिलात तर अडाणीपणा. गवई श्वास घेईल तेवढ्या फटीत सूर धरून ठेवायचा आणि त्यानं तोंड उघडताच हळूच बाजूला व्हायचं. आमच्या घरात हे काम मी गेली तीस वर्षं करतो आहे, पण मला अजून कुणी 'वाहवा' म्हटलेलं नाही.

तर ही बारीक अक्षरं. ती तरी सुखासुखी मिळालेली नाहीत. 1902 साली कलकत्त्यात गौहरजानचं गाणं पहिल्यांदा तबकडीवर घेतलं, तेव्हा तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात. तिथल्या साहेबाला गाणारी कोण हे कळावं म्हणून बाई गाणं संपलं की इंग्रजीत स्वतःचं नाव ठणकावून सांगत. बाईंचं झालं. साथीला बसलेल्यानं काय ओरडावं? तीन-साडेतीन मिनिटांची तबकडी. तेवढ्यात गवयालाच राग आटपता येईना, साथीदाराचं बारसं कोण करणार! जुन्या लेबलांवर साथीदाराचं नाव क्वचितच सापडतं. पुढे लाँगप्ले आली, वीस-वीस मिनिटांच्या दोन बाजू, चांगलं फूटभर रुंद कव्हर. मागच्या मजकुराला जागा उरली तेव्हा तबला आणि पेटी यांना खालची ओळ मिळाली. आपल्या संगीताच्या इतिहासातले कितीतरी लोक असे पुठ्ठ्याच्या रुंदीमुळे वाचले आहेत.

रेडिओवर तर पेटीला दारच बंद होतं. ही पेटी मूळची परदेशी. पॅरिसच्या दबँ नावाच्या गृहस्थानं 1842 साली तिचं पेटंट घेतलं. इथे येऊन ती मांडी घालून बसायला शिकली, कीर्तनात गेली, नाटकात गेली, गोविंदराव टेंब्यांसारख्यांच्या हाती पडून मानाची झाली. पण विद्वानांचा तिच्यावर राग. सूर बारा आणि तेही ठोकून बसवलेले. मींड नाही, श्रुती नाहीत. रवींद्रनाथ टागोरांनीही कलकत्ता केंद्राला पत्र लिहून ती नको असं कळवलं आणि 1 मार्च 1940 पासून ऑल इंडिया रेडिओवर पेटीला बंदी झाली. निजामाचा रेडिओ निराळा होता, पण 1950 मध्ये तोही आकाशवाणीत गेला. बंदी सैल झाली ती 1971 साली, तीही साथीपुरती. एकट्या पेटीला त्यानंतरही ताटकळावं लागलं. विद्वानांचं म्हणणं खोटं नव्हे, पेटीत मींड नाहीच. पण बंदीची ही एकतीस वर्षं मैफलींतून गवई पेटी घेऊन गातच होते आणि रेडिओवर तेच गवई सारंगी घेऊन गात होते, ही गंमत मला फार आवडते.

आता अप्पांचं वय मोजा. बंदी आली तेव्हा अठरावं वर्ष संपत आलेलं; उठली तेव्हा पन्नाशी दारात. माणसाच्या उमेदीचा सगळा काळ. पहाटेपासून रेडिओला कान लावून बसणाऱ्या घराला या माणसाचा पत्ताच लागणार नाही. तो लागायचा मैफलीत, नाहीतर कव्हरमागे. म्हणून मामाची पेन्सिल. मी मामाचा ढीग जमिनीवर पसरला आणि अप्पांची सगळी वाटचाल चटईवर मांडली गेली. भीमसेन, जसराज, किशोरीताई. तबकड्या संपून कॅसेटी लागल्या. फोटोतले गवई पिकत गेले, खालची ओळ तीच आणि तेवढीच. अक्षराचा आकार एका सुतानंही वाढलेला नाही. अप्पांना 2000 साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. 16 सप्टेंबर 2009 रोजी ते पुण्यात गेले.

पोत्याच्या तळाशी एक कॅसेट होती. तिच्यावर साथीदारांची नावंच छापलेली नाहीत. तिथे मामानं आपल्या अक्षरात लिहिलं होतं, 'अप्पा?' पुढे कधीतरी ते प्रश्नचिन्ह खोडून 'च' जोडला होता. म्हणजे मधल्या काळात मामानं ती कॅसेट किती वेळा ऐकली असेल! ती खोडलेली खूण पाहून मला जरा गप्प बसावंसं वाटलं. मामा स्वतः भजनी मंडळात पेटी वाजवायचा. त्याचं नाव कुठल्याच कव्हरवर नाही.

कॅसेट वाजवायचं यंत्र दुरुस्त करून घेण्यात दोन महिने गेले. दुरुस्तीवाल्याचं नाव सांगत नाही, कारण अजून त्याच्याकडे माझा एक पट्टा आहे. शेवटी मामीला बोलावलं, चहा झाला, कॅसेट लावली. बायको म्हणाली, "अहो, गवई कोण आहेत?" मी नाव सांगायला तोंड उघडलं.

मामीनं हातानंच मला थांबवलं. डोळे मिटून थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाली, "या गाण्याचा आवाज जरा कमी होतो का बघ रे. पेटी नीट ऐकू येत नाही."