घोड्याचे कुरण, गायीचे बियाणे : पुसापासून सुरू झालेली एक अपुरी गोष्ट

भारतीय कृषिविज्ञानाच्या इतिहासात ‘पुसा’ हे नाव गव्हाशी, तांदळाशी आणि हरितक्रांतीशी जोडले गेले आहे. हेन्री फिप्स या अमेरिकी दात्याच्या देणगीतून संस्था उभी राहिली, म्हणून ‘फिप्स ऑफ यूएसए’ या शब्दांवरून हे नाव पडले, अशी एक कथाही स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांतून फिरत असते. देणगी खरी आहे, व्युत्पत्ती मात्र टिकत नाही. फिप्सच्या देणगीपूर्वी सुमारे शंभर वर्षे बिहारमधील हे गाव कागदोपत्री पुसा म्हणूनच नोंदलेले होते. तेथे ईस्ट इंडिया कंपनीचा घोड्यांच्या पैदाशीचा कारखाना होता. ज्या भूमीवर पुढे देशाची सर्वांत नामवंत कृषिसंशोधन संस्था उभी राहिली, तिथला पहिला शास्त्रीय प्रश्न धान्याचा नव्हता. घोड्याला खायला काय पेरावे, हा तो प्रश्न होता.

कंपनीच्या घोडदळाला आणि तोफखान्याला मजबूत घोडे हवे होते. ते पुरेसे मिळत नव्हते, म्हणून अठराव्या शतकाच्या अखेरीस पुसा येथे पैदास केंद्र काढण्यात आले. १८०८ साली विल्यम मूरक्रॉफ्ट तिथे अधीक्षक म्हणून रुजू झाला. फ्रान्समधील लिऑन येथे पशुवैद्यकाचे शिक्षण घेतलेला हा इंग्रज त्या काळी दुर्मीळ असलेल्या प्रशिक्षित पशुवैद्यांपैकी एक होता. पैदास आणि चारा या दोन वेगळ्या बाबी नाहीत, हे त्याने ओळखले. पुसाच्या जमिनीवर त्याने घोड्यांसाठी ओटची लागवड वाढवली. उत्तर भारतात आज हिवाळी चारा म्हणून घेतल्या जाणाऱ्या ओटच्या इतिहासातील हे एक आरंभीचे पान आहे.

उत्तम जातीच्या घोड्यांच्या शोधात मूरक्रॉफ्ट हिमालय ओलांडून मध्य आशियाकडे निघाला. वाटेत लडाखच्या मुक्कामात त्याची नजर घोड्यांइतकीच त्यांच्या चाऱ्यावरही होती. द्रासच्या परिसरात लोक हिवाळ्यासाठी कापून वाळवत असलेली ‘प्रांगोस’ ही वनस्पती त्याला विलक्षण वाटली. तिचे गुणगान त्याने इतके केले, की लंडनमधील वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन लिंडले याने तिला ‘प्रांगोस पाब्युलारिया’ असे शास्त्रीय नाव दिले. त्यातील दुसऱ्या शब्दाचा अर्थच ‘चाऱ्याची’ असा आहे. परंतु युरोपात हे पीक कधी रुजले नाही. कोरड्या, थंड, उंच पठारावर गुणकारी ठरणारी वनस्पती ओल्या सपाट प्रदेशात तशीच वागेल, ही अपेक्षा फोल ठरली. मूरक्रॉफ्ट स्वतः १८२५ मध्ये बुखाऱ्यापर्यंत पोहोचला आणि परतीच्या वाटेवर अंदखुई येथे मरण पावला.

पुढे १८७०च्या दशकात पुसाचे पैदास केंद्र बंद झाले. १९०५ मध्ये लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीत त्याच जागी कृषिसंशोधन संस्थेची पायाभरणी झाली. १५ जानेवारी १९३४ च्या भूकंपात तिची इमारत उद्ध्वस्त झाली आणि १९३६ मध्ये संस्था दिल्लीला हलली. नाव मात्र तिने बरोबर नेले. त्यामुळे दिल्लीतील एक परिसर आज बिहारमधल्या त्या घोड्यांच्या गावाचे नाव मिरवतो.

स्वातंत्र्यानंतर चाऱ्याचे संशोधन नव्या जोमाने सुरू झाले. १९५९ मध्ये जोधपूरला कोरडवाहू प्रदेशासाठी केंद्रीय संस्था स्थापन झाली, तर १९६२ मध्ये झाशीला भारतीय कुरण व चारा संशोधन संस्था आली. दबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३ मध्ये देशभरच्या गवताळ प्रदेशांचे पाच प्रमुख प्रकारांत वर्गीकरण करणारा ग्रंथ सिद्ध केला. आपल्याकडचा पवन्या आणि मारवेल यांचा पट्टा त्यांतलाच एक. याच काळात अधिक उत्पादन देणारे वाण तयार झाले. बाजरी आणि नेपियर यांच्या संकरातून ‘पुसा जायंट नेपियर’ आले, पश्चिमेकडच्या कोरड्या भागातील अंजन अथवा धामण गवतातून ‘बुंदेल अंजन’सारखे वाण निवडले गेले. या निवडीचे निकष स्पष्ट होते : हेक्टरी किती चारा मिळतो, त्यात प्रथिने किती आहेत, दुष्काळात मूळ टिकते का. हे सारे प्रश्न गायी-म्हशींसाठी विचारलेले होते आणि त्यात वावगे काही नव्हते. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात गोवंश १९ कोटींहून अधिक आणि म्हशी जवळजवळ ११ कोटी होत्या. घोडे व तट्टू मिळून सुमारे ३ लाख ४० हजार. मागील गणनेच्या तुलनेत त्यांची संख्या सुमारे ४५ टक्क्यांनी घटलेली होती.

आता प्रश्न असा, की गायीला मानवणारे गवत घोड्याला का मानवू नये? दोघेही गवतच खातात. याचे उत्तर पचनसंस्थेच्या रचनेत आहे. नेपियर, धामण, सेटारिया यांसारख्या उष्ण कटिबंधातील अनेक गवतांत ऑक्झलेट नावाचे आम्लजन्य संयुग बऱ्याच प्रमाणात असते. ते कॅल्शियमला घट्ट धरून ठेवते. गायीच्या पोटाचा पहिला कप्पा म्हणजे जीवाणूंची एक विशाल भट्टीच असते. त्या चाऱ्याला सरावलेले जीवाणू तिथेच ऑक्झलेट फोडतात, कॅल्शियम मोकळे होते आणि पुढे आतड्यात शोषले जाते. घोड्याची भट्टी मात्र मागच्या टोकाला, मोठ्या आतड्यात आहे. कॅल्शियम शोषले जाते त्याआधीच्या लहान आतड्यात. जीवाणूंनी कुलूप उघडेपर्यंत गाडी स्थानकातून पुढे गेलेली असते.

शरीराला कॅल्शियम कमी पडले, की परावटू ग्रंथी रक्तातील पातळी राखण्यासाठी ते हाडांतून काढू लागते. काही महिन्यांत हाडे पोकळ होतात आणि त्यांची जागा तंतुमय ऊती घेते. घोडा आखडत चालतो, लंगडतो, दात हलू लागतात, चेहऱ्याची हाडे फुगतात. ऑस्ट्रेलियात या विकाराला ‘मोठे डोके’ अशा अर्थाचे नाव आहे. क्वीन्सलँडमधील चरणाऱ्या घोड्यांत आढळलेल्या या विकाराचे शास्त्रीय वर्णन १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि पुढील काही वर्षांत त्याचा ऑक्झलेटयुक्त गवतांशी असलेला संबंध सिद्ध झाला. विशेष लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की ही गवते तेथील पशुपालकांनी उत्तम कुरणे म्हणून आवर्जून पेरलेली होती. गुरे त्यांवर पोसली जात होती. त्याच कुरणात घोडे झिजत होते.

या संशोधनातून एक साधा निकष पुढे आला : गवतातील कॅल्शियमचे वजन भागिले ऑक्झलेटचे वजन हे गुणोत्तर ०.५ पेक्षा कमी असेल, तर ते गवत घोड्यासाठी धोक्याचे. हा आकडा आकाशातून पडलेला नाही. कॅल्शियमचे अणुभार ४०, ऑक्झलेटचे रेणुभार ८८. दोघे एकास एक जोडी जमवतात. ४० भागिले ८८ म्हणजे सुमारे ०.४५. गुणोत्तर याच्या खाली गेले, की तत्त्वतः प्रत्येक कॅल्शियम अणूला अडकवणारा ऑक्झलेट रेणू उपलब्ध असतो. प्रयोगशाळेच्या अहवालात कॅल्शियम पुरेसे दिसते, घोड्याच्या हाती मात्र फारसे लागत नाही. एकच आकडा पाहून चारा निवडणे किती फसवे ठरू शकते, याचे याहून सुबक उदाहरण विरळा.

समशीतोष्ण देशांचा अनुभवही हेच सांगतो. अमेरिकेतील केंटकी राज्यात १९३१ मध्ये एका डोंगरउतारावर हिवाळ्यातही हिरवे राहणारे फेस्क्यू गवत आढळले. १९४३ मध्ये ‘केंटकी ३१’ हा वाण प्रसारित झाला आणि लक्षावधी एकरांवर पसरला. पुढे त्यावर चरणाऱ्या गाभण घोड्यांचे दिवस लांबू लागले, वार जाड होऊ लागली, व्यायल्यावर दूध येईना. १९७७ मध्ये कारण उमगले : गवताच्या आत राहणारी आणि बियाण्यातूनच पुढच्या पिढीत जाणारी एक बुरशी. गवताला काटक बनवणारी तीच होती आणि घोडीला बाधणारी रसायने बनवणारीही तीच.

आपल्याकडे माथेरानपासून केदारनाथपर्यंत, वीटभट्ट्यांपासून लग्नाच्या वरातींपर्यंत घोडे आणि तट्टू राबतात. त्यांच्या मालकांकडे कुरण नसते. जो चारा जवळ आणि स्वस्त मिळतो तो ते घालतात. तो बहुधा गायीसाठी पिकवलेला असतो. त्यावर गव्हाचा कोंडा दिला जातो. त्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अल्प, म्हणजे तोल आणखी बिघडतो. उपाय मात्र महागडे नाहीत. घोड्यांसाठी जागा पेरायची असेल, तर ऱ्होड्स गवत आणि आपली हरळी ही कमी ऑक्झलेटची गवते आहेत. कॅल्शियमने समृद्ध लसूणघास जोडीला द्यावा. एकाच जातीच्या गवतावर घोडा महिनोन्‌महिने ठेवू नये. नेपियरच घालावे लागत असेल, तर पशुवैद्याच्या सल्ल्याने खनिज मिश्रण द्यावे.

चाऱ्याचा नवा वाण प्रसारित होतो तेव्हा त्याची ओळख सहसा हेक्टरी उत्पादन आणि प्रथिनांच्या टक्केवारीने करून दिली जाते. त्या दोन आकड्यांशेजारी कॅल्शियम आणि ऑक्झलेट यांच्या गुणोत्तराचा तिसरा आकडा छापणे अवघड नाही. ते मोजण्याच्या पद्धती जुन्या आणि सोप्या आहेत. घोड्यांची संख्या घटत असताना त्यांच्यासाठी स्वतंत्र वाण निर्माण होतील, अशी अपेक्षा कोणी धरणार नाही. पण उपलब्ध वाणांपैकी त्यांना कोणता चालेल, हे सांगण्याइतकी माहिती देता येते. हे काम पुसाचे नाव लावणाऱ्या संस्थेने हाती घेतले, तर दोनशे वर्षांपूर्वी त्या गावात विचारला गेलेला पहिला प्रश्न निदान अर्धा तरी सुटेल.