अंगठा आमचा, नाव त्यांचं

मोबाईलच्या गोल कोपऱ्यांवरून ॲपल-सॅमसंग २०११ ते २०१८ कोर्टात भांडले, तेव्हा आम्ही कोल्हापूरकर हसलो. जून २०२५ मध्ये मिलानला प्राडानं अंगठ्याची आमचीच चप्पल मिरवली. नाव काय, तर 'लेदर सँडल'! २०१९ चं भौगोलिक मानांकन होतं की! पण तो चेक भारतातच वटतो. शिवाय मानांकन राखतं नाव, आणि प्राडानं नेमकं तेवढंच सोडलेलं. वकील मंडळी मुंबई हायकोर्टात गेली. मानांकन लिडकॉम आणि कर्नाटकाच्या लिडकरच्या नावे, म्हणजे जॉइंट अकाउंट. खातेदार नसलेल्यांची सही कोण पास करणार? याचिका फेटाळली. प्राडानं मूळ त्याआधीच कबूल केलं होतं, पुढे डिसेंबरात या दोघांशी दोन हजार जोडांचं ठरवलं. जोडी सुमारे आठशे युरो! इथं चप्पल लाईनमध्ये गिऱ्हाईक कारागिराला अजून विचारतंय, "शेवटचं बोला, मालक!"