कामगार की स्वयंसेवक? मुंबईतल्या सफाई कंत्राटांची गोष्ट

आज आपण महापालिकेच्या अंदाजपत्रकातल्या एका शब्दापासून सुरुवात करू : ‘आस्थापना खर्च’. म्हणजे मुख्यतः कायम कर्मचाऱ्यांचे पगार, भत्ते वगैरे. हा खर्च 35 टक्क्यांच्या आत ठेवा, असं राज्य सरकार नागरी संस्थांना वर्षानुवर्षं बजावत आलं आहे. मर्यादा ओलांडली की नव्या भरतीला परवानगी मिळणं कठीण. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण कचरा काही टक्केवारी बघून पडत नाही. मुंबईच्या 1888 च्या महापालिका कायद्यात सफाई हे कलम 61 खालचं बंधनकारक कर्तव्य आहे, ऐच्छिक नव्हे.

मग वाट काय काढली? तेच काम कंत्राटाने द्यायचं. झाडू तोच, रस्ता तोच, फक्त पैसा एका रकान्यातून उचलून दुसऱ्या रकान्यात ठेवायचा. टक्केवारी सुधारते. तिजोरीतून पैसा जातोच, वर कंत्राटदाराचा वाटा. तरी हे स्वस्त पडतं, कारण भरपगारी रजा, भविष्य निर्वाह निधी, निवृत्तिवेतन ही रक्कम कुणीच भरत नाही; ती कामगाराच्या आयुष्यातून वसूल होते. आणि हे कामगार बहुतांश दलित, हे विसरून हा हिशेब समजणार नाही.

इथे 1970 चा कंत्राटी कामगार (नियमन व निर्मूलन) कायदा आडवा यायचा. त्याच्या कलम 10 मध्ये एक नेमका प्रश्न होता : काम बारमाही स्वरूपाचं आहे का? असेल, तर सरकार तिथली कंत्राटी पद्धत बंद करू शकत होतं. कचरा उचलण्याहून बारमाही काम दुसरं कोणतं? पण हा कायदा लागू व्हायचा तो 20 किंवा अधिक कामगारांना. म्हणून मुंबईत कंत्राटांचे तुकडे पडले, प्रत्येकात 20 पेक्षा कमी माणसं. (महाराष्ट्राने ही मर्यादा पुढे 50 वर नेली, म्हणजे तुकडे करण्याचाही त्रास वाचला.) कंत्राटं संस्थांच्या नावे दिली गेली, कामगार झाला ‘स्वयंसेवक’ आणि मजुरी झाली ‘मानधन’.

आम्ही तत्त्वज्ञानाची माणसं, शब्दांवर जरा जास्तच अडतो. पण इथे शब्दांनीच सगळं काम केलं आहे. स्वयंसेवक म्हटलं की किमान वेतनाचा प्रश्नच उठत नाही! आशासेविकांच्या बाबतीतही आपण हेच ‘मानधन’ ऐकतो.

सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये स्टील ऑथॉरिटीच्या खटल्यात सांगितलं की कंत्राटी पद्धत बंद झाली म्हणून कामगार आपोआप कायम होत नाहीत. मात्र एक दार उघडं ठेवलं : कंत्राट नुसताच देखावा असेल, तर तो कामगार मूळ मालकाचाच. कचरा वाहतूक श्रमिक संघाने याच दारातून प्रवेश केला. हजेरी कोण घेतं, काम कोण वाटून देतं, देखरेख कुणाची? हे सगळं पालिकेचंच असेल तर मधला कंत्राटदार कशाला होता? औद्योगिक न्यायाधिकरणाने 2014 मध्ये सुमारे 2,700 कामगारांच्या बाजूने निर्णय दिला. उच्च न्यायालय आणि मग एप्रिल 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालय, दोघांनीही तो उचलून धरला.

आता दुसरी बाजू. छोट्या नगरपालिकेची ओढाताण खोटी नाही. जकात गेली, आणि उत्पन्नासाठी राज्याच्या अनुदानाकडे डोळे लागले. तिथल्या मुख्याधिकाऱ्याला कायम पद भरताना पुढच्या तीस वर्षांचा पगार दिसतो. त्याने हात आखडता घेतला तर आम्ही त्याला दुष्ट म्हणणार नाही. पण मुंबई ही देशातली सर्वांत श्रीमंत महापालिका. तिलाच जर ‘स्वयंसेवक’ लागत असतील, तर कारण एकट्या टंचाईचं नाही.

आणि 2017 नंतर? कायम करण्यासाठी कागदपत्रांची तपासणी सुरू झाली. यादीतलं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव जुळेना. यादीत एक स्पेलिंग, आधारवर दुसरं. जिंकलेल्या खटल्यातले शेकडो कामगार एवढ्यावरून वर्षानुवर्षं अडकून पडले. रोज पहाटे मात्र ते कामावर जातच होते, आणि तिथे त्यांना ओळखण्यात कुणाला अडचण आली नाही.